उंबराचं पाणी

पासष्ट सालच्या नोव्हेंबरात आमच्या होस्टेलच्या फाटकाशी एका तिपाईवर एनॅमलची बादली ठेवलेली असे. बादलीत ब्लीचिंग पावडरचं पाणी. आत येणाऱ्याने, मग तो पोस्टमन असो की प्राचार्य, दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात बुडवायचे आणि मगच फाटकाची कडी उघडायची. नियम माझ्या आईचा. ती मुलींच्या होस्टेलची मेट्रन होती आणि दिवसभरात इतक्या वेळा त्या बादलीत हात घालायची की तिच्या बोटांची कातडी सोलून निघाली होती. झोपताना ती माझ्या कपाळावर हात ठेवून क्रूसाची खूण करी, तेव्हा तो वास नाकात जाऊन मला शिंक यायची.

मुली तिला मागून क्लोरीनबाई म्हणत. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, आईबरोबर मेट्रनच्या दोन खोल्यांत राहत होते, तरी त्या ते माझ्यासमोरही म्हणत.

"सेरा, तुझी आई स्वर्गात गेली ना, तरी दारावरच्या सेंट पीटरला आधी हात धुवायला लावेल," नलिनी एकदा जेवताना म्हणाली. नलिनी मालवणची, माझ्याच वर्गातली. सगळं टेबल हसलं. मीही हसले.

आमचं कॉलेज अंधेरीच्या पूर्वेला, शेतांच्या मधोमध. दोन होस्टेलं, प्रयोगशाळा, प्राध्यापकांची घरं आणि उंच खांबांवरची पाण्याची टाकी. कुंपणाच्या भिंतीपलीकडे भाताची खाचरं, आणि त्यांच्या पलीकडे आमची पाखाडी. ख्रिस्ती वस्ती, कौलारू घरं, मधे क्रूस आणि क्रूसाशेजारी विहीर. आई त्याच पाखाडीत जन्मली. माझे वडील मी लहान असताना गेले, त्यानंतर तिने भिंतीच्या अलीकडची ही नोकरी धरली. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुली नुकत्याच परतल्या होत्या. कापणी झाली होती. नाताळाआधीच्या आगमनकाळात आमच्यात लग्नं लागत नाहीत, म्हणून त्याआधीच्या दिवसांत पाखाडीत रोज कुठे ना कुठे मांडव असायचा. त्या वर्षी त्याच दिवसांत पाखाडीत कॉलरा आला.

कॉलेजचे डॉक्टर जयवंत यांनी आम्हा सगळ्यांना सभागृहात बसवून माहिती दिली होती. ते खाली मान घालून बोलत. म्हणाले, हा नव्या जातीचा कॉलरा आहे, देशोदेशी फिरत आलाय. ज्याला होतो त्याचं अंग काही तासांत वाळून जातं, डोळे खोल जातात, आवाज बसतो. पण त्याहून वाईट म्हणजे पुष्कळांना काहीच होत नाही. धडधाकट माणूस हिंडतो, फिरतो, कणीक मळतो आणि रोग वाटत सुटतो.

त्या दिवसापासून मी माणसांचे हात बघायला लागले. पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे, लायब्ररीत पुस्तक देणाऱ्या कारकुनाचे, माझे स्वतःचे. एखादी मुलगी जेवायला आली नाही की मी तिच्या खोलीचं दार वाजवायला जायची. पहाटे संडासाचं दार वाजलं की मी अंथरुणात उठून बसायची आणि ते परत उघडेपर्यंत श्वास रोखून ठेवायची.

आईने आपल्या परीने सगळं आवार बांधून टाकलं होतं. सगळ्यांना लस टोचून झाली होती. प्यायचं पाणी खळखळ उकळून तांब्याच्या पिंपात. ताटं उकळत्या पाण्यातून काढायची. जुहूची भेळ बंद, बर्फाचा गोळा बंद, कापलेलं फळ बंद, रविवारचं फिरणं बंद. आणि डॉक्टरांना बरोबर घेऊन तिने पाखाडीची विहीरही बंद करून घेतली होती. आत लाल औषध टाकलं, वर फळ्या ठोकल्या. कारण मेसमध्ये काम करणाऱ्या बायका सगळ्या पाखाडीच्या. त्या घरी जे पाणी पितील ते दुसऱ्या दिवशी आमच्या कणकेत.

त्या विहिरीचं तिला वेगळंच भय होतं. ते तिने मला त्या आठवड्यात पहिल्यांदा सांगितलं, भांडी पुसता पुसता. ती लहान असताना अशाच साथीत तिचे दोन धाकटे भाऊ गेले. सकाळी गोट्या खेळत होते. संध्याकाळी दोघांना एकाच पेटीत ठेवलं. एवढंच सांगून ती पुढचं भांडं पुसायला लागली.

*

ऑगस्टीनमामा, आईचा थोरला भाऊ, बुधवारी दुपारी फाटकाशी आला. बरोबर कातरीनमाय होती, आईची काकू, पाखाडीतलं सगळ्यात म्हातारं माणूस. मामाच्या मेबलचं लग्न रविवारी होतं. आईने फाटक उघडलं नाही. ती आतून बोलली, ती दोघं बाहेरून, आणि मी आईच्या मागे उभी.

"पर्पे, शनिवारी उंबराचं पानी हाय," मामा आईला म्हणाला.

उंबराचं पाणी म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी काढून आणायचं आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं. तिथे पूर्वी कधी तरी उंबर होता म्हणतात. आमच्या घरात पहिली कळशी नवरीची आत्या काढते. विहिरीच्या काठावरच त्यातलं ओंजळभर पाणी ती आधी पिते, मग बाकीच्या बायका एकेक ओंजळ घेतात, आणि मग कळशी घरी जाते. मेबलला आत्या एकच होती.

"विहीर बंद हाय, दादा," आई म्हणाली. होस्टेलात ती शुद्ध बोले. मामाशी बोलताना पाखाडीचं बोलणं आपोआप तिच्या तोंडात येई.

"तुज्या आज्याची विहीर. नि तूच बंद केलीस."

"नळ हाय ना कोपऱ्यावर. नळाचं घ्या."

"नळाला कोन बँड घेऊन जातंय गं?" मामा ओरडला. "रांगेत उभा करू का बँडवाल्यांना? हंडे-बादल्या घेऊन?"

मला हसू आलं. आईला नाही. "दादा, आपले दोघं विसरलास?"

मामाने फाटकाच्या गजावर हात ठेवला होता, तो काढून घेतला. "विसरलो नाय. पन बाकीचे जगलो ते पन त्याच पान्यावर." मग जरा खालच्या आवाजात, "हे बघ, तू नाय आलीस तरी बायका जातीलच. फळ्या काढायला किती वेळ लागतो? तुज्या मेसच्या बायका पन जातील. तू असलीस तर तुजं ऐकतील तरी."

हे खरं होतं, आणि ते खरं आहे हे आईला ठाऊक होतं.  मग तिने तोड काढली. होस्टेलचं उकळून गार केलेलं पाणी नव्या कळशीत भरून ती देईल. तोंडावर झाकण घालून फडकं घट्ट बांधायचं. विहिरीच्या दोन फळ्या काढायच्या, कळशी दोराने आत सोडायची, खालच्या पाण्याला लागू द्यायची नाही आणि वर ओढायची. विहिरीतून वर आलेलं पाणी ते विहिरीचंच. प्यायचं तेही तेच, नवरीला घालायचं तेही तेच.

मामाने कातरीनमायकडे पाहिलं. 

"मेलेल्याला न्हानवायला पानी तापवतात," ती म्हणाली. "नवरीला नाय."

"गार करूनच देते, माय."

"गार केलं तरी मेलेलंच."

"माय, मना एवढं करू दे," आई म्हणाली. फाटकाच्या गजांतून हात घालून तिला म्हातारीच्या पाया पडायचं होतं, पण हात अर्ध्यावर थांबला. तिने तो बादलीत बुडवला. म्हातारी ते बघत होती.

डॉक्टर जयवंतांना आईने सगळं सांगितलं. ते म्हणाले, झाकण नीट बसलं आणि कळशीला विहिरीचं पाणी लागलं नाही तर हरकत नाही. "पण मी तुमच्या जागी असतो तर पूर्ण नाही म्हटलं असतं, मेट्रन."

"तुम्ही त्यांचे नाही ना," आई म्हणाली.

*

शनिवारी सकाळी तिने स्वतः पाणी उकळलं. गार झाल्यावर कळशीत भरलं, झाकण लावलं, वर फडकं बांधून गाठीवर गाठ मारली. दुपारी मामाचा माणूस येऊन कळशी घेऊन गेला. चार वाजण्याच्या सुमाराला आईने ट्रंकेतून आपलं लाल लुगडं काढलं. मी तिला ते नेसलेलं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. मलाही यायचं होतं. "तू आवार सोडायचं नाहीस," ती म्हणाली. "मी गेले म्हणजे आत कोणी तरी पाहिजे."

मी आणि नलिनी गच्चीवर गेलो. तिथून खाचरांपलीकडे क्रूस आणि विहीर स्वच्छ दिसे. ऊन उतरलं होतं. आधी बँड ऐकू आला, त्यामागून घुमटाचा ठेका, मग बायका दिसल्या. लाल, हिरवी लुगडी, डोक्यात फुलं.

"काय झकास दिसतायत गं," नलिनी म्हणाली. "आणि ती सगळ्यांच्या पुढची बघ. ती तुझी आई? क्लोरीनबाई?"

विहिरीवरच्या दोन फळ्या काढलेल्या दिसत होत्या. आईने कळशी आत सोडली. दोर फार खाली जाऊ दिला नाही, हे मला तिच्या हातांच्या हालचालीवरून कळलं. लगेच वर ओढली. फडकं सोडलं. ओंजळ केली, कोणी तरी वरून पाणी ओतलं आणि तिने ओंजळ तोंडाला लावली.

मग ती तशीच उभी राहिली.

तिच्यामागच्या बाईने, ती मेसमधली पोळ्या लाटणारी होती, तोवर आपलीही ओंजळ भरून घेतली होती. आईने तिचा हात झटकला. आणि सगळ्यांच्या देखत कळशीला लाथ मारली. कळशी दगडी काठावरून गडगडत बाहेरच्या बाजूला मातीत गेली. ती पडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला नाही. बँड मात्र थांबला. आधी एक वाद्य, मग दुसरं, शेवटी घुमट. नलिनीने माझा दंड धरला.

"काय झालं गं? सेरा, काय झालं?"



मी खाली धावले. आई शेतांतून एकटीच येत होती. लुगड्याचे काठ भिजलेले. मी फाटकाशी पोचले तेव्हा ती बाहेर, बादलीपासून बरीच लांब थांबली होती.

"तिथेच थांब, सेरा. कडीला हात लावू नकोस."

"आई, काय झालं?"

"कळशीत विहिरीचं पाणी होतं. दुपारीच फळी सरकवून बदललं होतं कातरीनमायनं. मेलेलं पाणी पोरीच्या अंगावर नको म्हणून." तिचा आवाज शांत होता. "वास घ्यायला हवा होता मी. घेतला नाही. सगळे बघत होते. जिभेला लागल्यावर कळलं. त्या विहिरीचं पाणी गोड आहे, सेरा. इतक्या वर्षांनी सुद्धा कळलं."

"थुंकून टाकलंस ना?"

"गिळल्यावर कळलं."

"मग आता?"

"आता वाट बघायची. लस घेतलीय. विहिरीत औषध आहे. कदाचित काही होणारही नाही." ती थांबली. "पण काही झालं नाही तरी मी आत यायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना तू?"

मी ऐकलं होतं. हिंडतो, फिरतो, कणीक मळतो.

तिने तिथेच उभ्याउभ्या सगळं सांगितलं. विहिरीवर गेलेल्या मेसच्या बायकांना कोणालाही आत घ्यायचं नाही. मुलींनी स्वतः रांधायचं. भाजी शिजवायच्या आधी नाही, चिरायच्याही आधी हात बादलीत. पिंप रिकामं झालं की आधी तांब्या उकळायचा, मग पिंप, मग पाणी. ती स्वतः भिंतीबाहेरच्या बंद पडलेल्या पंपघरात राहील. मी तिची पांढरी साडी, चादर आणि एक ताट फाटकावरून टाकलं. तिने ते मातीतून उचललं आणि झटकलं.

*

रविवारी चर्चची घंटा वाजत होती तेव्हा मामा भिंतीशी आला. लग्नाचा काळा कोट घातलेला, हातात रिकामी कळशी. आदल्या दिवशीचीच, एका बाजूला चेपलेली. रात्रभर जागल्यासारखे डोळे.

"बाय, मेबलच्या न्हान्याला पानी पायजे. पर्पे सांगते की तुमच्या पिंपातलं घे."

मी भिंतीवरून नळी सोडली. पाणी कळशीत पडत होतं तेव्हा आम्ही दोघं तिकडेच बघत होतो.

"बँड नाय आनला," तो म्हणाला, आणि कळशी खांद्यावर घेऊन गेला.

आम्ही मुलींनी त्या दिवशी केलेल्या पोळ्या कशाच्याही आकाराच्या होत्या. नलिनी एकेक उचलून सांगत होती, हे सिलोन, हा गुजरात, हा आमच्या जिऑग्राफीच्या सरांचा कान. मुली हसत होत्या. मी थोड्या थोड्या वेळाने मागच्या भिंतीशी जात होते. पंपघराची खिडकी तिथून पन्नासेक पावलांवर. आई खिडकीत येई आणि मोठ्याने विचारी, "ताटं उकळली का?" मी "हो" म्हणे. "सगळ्या जेवल्या?" "हो." तिचा आवाज खणखणीत होता. मुलींना दम द्यायचा आवाज. तो ऐकला की मला पुढच्या वेळेपर्यंत पुरायचा.

सोमवारी सकाळीही तो तसाच होता. दुपारी मी गेले तेव्हा ती खिडकीत यायला वेळ लागला. आली. तोंड हललं. मला काही ऐकू आलं नाही.

"काय? आई, मोठ्याने बोल!"

ती पुन्हा बोलली. घशातून फक्त हवा यावी तसा आवाज. फुंकर मारल्यासारखा. मी भिंतीचा खडबडीत कठडा दोन्ही हातांनी धरला होता, हातांना खरचटल्याचं नंतर दिसलं. डॉक्टर सांगत होते तेव्हा मी वहीत लिहूनही घेतलं होतं, आवाज बसतो.

डॉक्टर जयवंत धावत गेले. सलाइनची बाटली पंपघराच्या कडीला टांगली. ते तिच्याकडे वाकत, ऐकत, आणि बाहेर येऊन मोठ्याने मला सांगत. आम्हा दोघींच्या मधे उभे राहून ते शब्द पोचवत होते.

"विचारतायत, पिंप उकळलं का?"

"हो! सांगा, हो."

ते आत गेले, बाहेर आले. "विचारतायत, ती दुसरी बाई, ओंजळ घेतलेली, कशी आहे?"

"ठीक आहे. घरीच आहे. तिला काही नाही."

पुन्हा आत, पुन्हा बाहेर.  "म्हणतायत, मुलींना कळू देऊ नकोस."

पण मुलींना कळलं होतं. साथीच्या हॉस्पिटलची गाडी फाटकासमोर आली तेव्हा प्रत्येक खिडकीत चेहरे होते. स्ट्रेचर फाटकाच्या अगदी जवळून नेलं. दोन दिवसांत आईचा चेहरा दुसऱ्या कुणाचा तरी झाला होता. गालांची हाडं, खोल गेलेले डोळे, चादरीवर पडलेला हात धुण्याच्या पाण्यात दिवसभर राहिल्यासारखा सुरकुतलेला.

मी कडी धरली होती. ओढली असती तर फाटक उघडलं असतं, बाहेर चार पावलांवर ती होती. नलिनी मागून काही तरी म्हणत होती. आईचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. कडीकडे बघत होती. माझा हात त्या कडीवरून निघेपर्यंत तिने नजर काढली नाही.

मी हात काढला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. गाडीचं दार लागलं.

बुधवारी संध्याकाळी डॉक्टर जयवंत फाटकाशी आले. मी आतल्या बाजूला उभी होते. त्यांनी हात बादलीत बुडवले आणि तसेच ठेवले. बुडवून काढायला लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ. मान वर केली नाही. त्यामुळे त्यांना काही सांगावं लागलं नाही.

*

साथीत गेलेल्याला घरी आणत नाहीत. पेटी बंदच होती म्हणे. आवारातून आम्ही कोणीच गेलो नाही. पाद्रींनी प्रार्थना म्हटली, मामा लांब उभा होता. प्राचार्यांनी मला विचारलं की घरी जायचं का, म्हणजे मामाकडे. मी म्हटलं की मेस कोण बघेल. त्यांनी होस्टेलच्या किल्ल्या माझ्याकडेच राहू दिल्या.

आता मी आईच्या खोलीत एकटी झोपे. भीती कमी होईल असं वाटलं होतं, जे व्हायचं ते होऊन गेलं म्हणून. झालं उलटंच. पाणी प्यायल्यापासूनचे दोन दिवस आई आमच्यापासून लांब होती, पण त्याआधी? विहीर बंद व्हायच्या आधी मेसच्या बायका रोज येत होत्या. कोणाच्या हातून काय आलं असेल? मी जेवताना मुलींची तोंडं बघत बसायची. घास खाली गेला की पुढच्या घासाकडे. माझ्या स्वतःच्या तोंडात घास फिरत राही.

एका सकाळी वर्गाला निघताना नलिनी जिन्यात बसली आणि ओकली. तिने माझ्याकडे वर पाहिलं. तिच्या ओठांना रंग नव्हता. ती काहीच विनोद करत नव्हती, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. मी तिला आईच्या खोलीत आणून एकटीला ठेवलं. दर थोड्या वेळाने तिला बोलायला लावत होते.

"बोल काही तरी."

"काय बोलू?"

"काहीही. मालवणचं सांग."

"आमच्या घरामागे... सेरा, माझा आवाज बसलाय का गं?"

"नाही. बोलत राहा."

ती दुपारपर्यंत बोलत राहिली. घरामागचा माड, आजोबांची होडी, मावशीचा नवरा. बोलता बोलता झोपली. डॉक्टर म्हणाले, पोट बिघडलंय, बाकी काही नाही. पंधरवडाभर झोपेची बोंब, त्यात ब्लीचिंगचा वास. मी खोलीबाहेर येऊन भिंतीला टेकून बसले.

नाताळची सुट्टी लागेपर्यंत आवारात कोणालाही काही झालं नाही. ट्रंका बाहेर आल्या, टांगे आले, मुलींचे वडील आले. ते फाटकाशी बादली बघून हसत, हात बुडवत, मुलींना घेऊन जात. माझा एकेकीच्या पाठीकडे बघून श्वास सुटत होता. नलिनी शेवटी गेली. जाताना तिने बादलीत हात बुडवले. बाहेर जाताना बुडवायचे नसतात. मी तिला तसं सांगितलं नाही.

आवार रिकामं झाल्यावर दुपारी कातरीनमाय आली. काठी टेकत, शेतांतून. आईच्या जाण्यानंतर ती मला पहिल्यांदाच दिसत होती. ती आणखी लहान झाली होती. फाटकाबाहेर उभी राहिली आणि पदराखालून एक बोचकं काढलं.

आईचं लाल लुगडं. त्या संध्याकाळी आईने पंपघरात बदलून खिळ्याला टांगलं असेल. म्युनिसिपालिटीची माणसं तिथलं सगळं जाळायला आली, त्याआधी म्हातारीने ते उचललं होतं.

"धुतलं नाय मी," ती म्हणाली. "तिचा वास हाय अजून. तुला लागेल, बाय."

मी गजांतून हात घालून ते घेतलं. जड, सुती, काठाला त्या दिवसाची माती तशीच. नाकाशी न्यायला एक क्षण पुरला असता. म्हातारी माझ्या तोंडाकडे आशेने बघत होती. किती दिवस झाले होते? सुकलेल्या कापडात काही राहतं का? डॉक्टरांना विचारता आलं असतं. पण विचारायच्या आधीच मला माहीत होतं की आईने विचारलं नसतं.

मी लुगडं बादलीत दाबलं. ते फुगून वर आलं, मी पुन्हा दाबलं. थोड्याच वेळात पाण्याला गुलाबी रंग यायला लागला, आणि लाल जागोजागी फिकं पडत गेलं.

"रंग जाईल गं," कातरीनमाय कळवळून म्हणाली.

"जाऊ दे, माय."

ती गजांना धरून उभी होती. ओठ हलत होते, पण ती काय पुटपुटत होती ते मला ऐकू येत नव्हतं, आणि मी विचारलं नाही. हे लुगडं तिने इतके दिवस पदराखाली, उशाशी, घरात ठेवलं होतं. 

"माय, तुझे पण हात," मी म्हटलं. "आण इकडे."

तिने दोन्ही हात गजांतून आत घातले. बारीक, सुरकुतलेले. मी ते धरून बादलीत, लुगड्याच्या बाजूला, मनगटापर्यंत बुडवले, आणि आई धरायची तितका वेळ धरून ठेवले.